रवळनाथाच्या नावावर

कोठाऱ्याला काढून टाकायचं ठरलं, तेव्हा ओरोसच्या स्वरपेढीत कुणाच्याही डोळ्यांत पाणी आलं नाही. येणार तरी कसं? कोठारी काही हाडामांसाचा माणूस नव्हता. तो होता एक प्रोग्रॅम. बरीच वर्षं इमानेइतबारे राबला, आता जुना झाला आणि त्याच्या जागी नवा, चटपटीत कोठारी येणार होता. हे काम शर्मिष्ठा राऊळकडे आलं. तिनं कामाकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "हात्तिच्या! उद्यापर्यंत उरकते."

आणि तिथेच माशी शिंकली.

पण थांबा. स्वरपेढी हा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं. आजारपणात ज्यांचा कंठ काढावा लागला, अशा माणसांसाठी गळपट्टी निघाली त्याला आता बरीच वर्षं झाली. दिसायला अगदी साधी. पंच्याच्या काठाएवढी रुंद पट्टी, गळ्याभोवती बांधायची. माणूस बोलायला गेला की आवाज निघो न निघो, जीभ हलते, गळ्याचे स्नायू हलतात, मेंदूचे निरोप त्यांच्यापर्यंत जातच असतात. पट्टी ते निरोप टिपते आणि पेढीकडे धाडते. तिथे त्या माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला त्याचाच आवाज तयार बसलेला असतो. तो शब्द जुळवतो, सूर लावतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पट्टीतून बोलून मोकळा होतो. आता गळ्यातले हे निरोप असतात पुसट. अर्धा शब्द कळतो, अर्धा ओळखावा लागतो. ओळखायचा कशावरून? तर तो माणूस पूर्वी कसा बोलायचा, त्यावरून. म्हणजे नमुना जसा मिळेल तसं बोलणं घडतं.

या नमुन्यानंच शर्मिष्ठाच्या वडिलांचा, भिकाजी राऊळांचा घात केला होता.

आंबेरखोल गावात रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायचा मान राऊळांचा. गाऱ्हाणं म्हणजे देवाला खड्या आवाजात केलेली विनवणी. एकानं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्या गावानं "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. भिकाजीआबांनी "बा देवा" म्हटलं की माडावरचे कावळे उडायचे आणि नदीपलीकडच्या वाडीतली माणसं हातातलं काम टाकून हात जोडायची. असा तो आवाज! आणि तोच गेला. ऑपरेशन इतकं तातडीनं करावं लागलं की नमुने घ्यायला वेळच मिळाला नाही. नंतर शर्मिष्ठानं आकाशपाताळ एक केलं, तेव्हा काय हाती लागलं असेल? आबांनी विमा कंपनीला, बँकेला आणि गॅसवाल्याला केलेले फोन! त्या लोकांनी ते नियमाप्रमाणे जपून ठेवले होते. आणि फोनवर समोर साहेब आला की आबा आपली मालवणी गुंडाळून ठेवून, खुर्चीच्या टोकाशी बसून, इतक्या शुद्ध आणि नम्र मराठीत बोलायचे की विचारू नका.

त्या फोनांवरून त्यांचा आवाज घडला. पट्टी बांधून आबा पहिल्यांदा मासळीबाजारात गेले आणि बांगडेवालीवर नेहमीप्रमाणे डाफरले, "गो, बांगडो हा काय सोन्याची लगड?" पट्टीतून आलं, "मॅडम, बांगड्याच्या दराबाबत कृपया माहिती मिळू शकेल का?"

सगळा बाजार हसला. बांगडेवाली तर इतकी हसली की तिनं वर दोन बांगडे फुकट घातले. आबांनी बांगडे घेतले, घरी आले आणि पट्टी खुंटीला टांगली. मोबाइलवर टाइप करून लेकीला दाखवलं: 'हो आवाज माझो नाय. हो माझो अर्ज करूचो आवाज.' तेव्हापासून अगदीच अडलं तरच पट्टी गळ्यात. गाऱ्हाणं घालायला त्यांचा चुलतभाऊ बाळा उभा राहू लागला. तो अर्धं विसरायचा आणि उरलेलं पुटपुटायचा. आबा देवळात सगळ्यात मागे, खांबाला टेकून बसायचे.

शर्मिष्ठाला याचं फार वाईट वाटायचं. तो आवाज तिनं स्वतःच्या हातानं घडवला होता, आणि बापानं तो जुन्या छत्रीशेजारी टांगून ठेवला होता. रुसवाफुगवा काही नव्हता. पण घरात कुणी मोठ्यानं बोलेनासं झालं होतं, हे खरं.

तर असो. कोठाऱ्याकडे वळू.

पेढीतलं प्रत्येक काम आपापल्या डब्यात चालतं. एक डबा शब्द ओळखतो, एक सूर लावतो, एक पट्टीशी बोलतो. असे ढीगभर डबे, आणि ढीगभर यंत्रांवर पसरलेला त्यांचा हा सगळा कबिला, म्हणजे क्लस्टर. एखादा डबा बंद पडला तर लगेच दुसरा उभा राहतो, काम अडत नाही. पण डब्यांना आठवण नसते. बंद पडला की आतलं सगळं गेलं. म्हणून जपून ठेवायच्या वस्तू, म्हणजे माणसांचे आवाज, डब्याबाहेर कोठीत ठेवायच्या आणि कोठी सांभाळायला एक ऑपरेटर नेमायचा, तोच आपला कोठारी. तो कोण कसला आवाज ठेवतो ते बघतो, त्याला जागा नेमून देतो, त्या जागेवर त्याचा हक्क लावतो आणि हक्काला एक गाठ मारतो. मालकानं स्वतःच्या तोंडानं होकार दिल्याशिवाय ती गाठ सुटत नाही. स्वरहक्काचा कायदाच तसा आहे. दुसऱ्याचा आवाज उघडायचा नाही, हलवायचा नाही, पुसायचा तर नाहीच.

आता अशा कोठाऱ्याला घालवायचं तर क्रम पाळावा लागतो. आधी प्रत्येकाचा होकार घेऊन त्याचा माल नव्या कोठीत न्यायचा, मग जागा मोकळ्या करायच्या, मग कोठाऱ्याला निरोप द्यायचा. त्यानं क्लस्टरला लावलेल्या सवयी, म्हणजे शिकवून ठेवलेले नियम, त्यानंतर काढायच्या आणि कोठीच्या डिस्क घासूनपुसून ठेवायच्या त्या अगदी शेवटी. लग्नघरात आधी कोठीवरच्या माणसाला घरी धाडलं, तर शेजारपाजारची भांडी ओळखून परत कोण करणार? तसंच हे. उलटं केलं की सगळं लटकतं. कोठारी जात नाही आणि राहतही नाही, पडद्यावर नुसतं 'निरोप चालू आहे' असं दिसत राहतं.

शर्मिष्ठानं सगळं क्रमानं केलं होतं. सगळ्यांचे होकार आले, सगळ्यांचे आवाज नव्या कोठीत सुखरूप पोचले. तरी पडद्यावर आपलं तेच. 'निरोप चालू आहे.' तिनं कोठाऱ्याला कारण विचारलं, तर उत्तर आलं:

एक हक्क शिल्लक. हक्कदार: श्री देव रवळनाथ, आंबेरखोल.

तिनं दोनदा वाचलं. मग मान वळवून हाक मारली, "आग्नेल! इकडे ये जरा."

आग्नेल फर्नांडिस तिचा सहकारी. पेढी सुरू झाली तेव्हा कोठाऱ्याला बसवलं ते यानंच. पडदा बघून तो कानापर्यंत लाल झाला.

"अगो, ता मीच केलंय," तो म्हणाला. "नवीन काम सुरू करताना पयली पावती देवाच्या नावान फाडतत मां? मी पयलो हक्क रवळनाथाच्या नावान लावलंय."

"अरे, पण तू ख्रिस्ती ना?"

"मगे? गाव कोणाचो? पयलो मान तेचोच!"

शर्मिष्ठाला हसावं की रडावं कळेना. "आणि आत काय ठेवलंस? हक्क लावायचा तर आत काहीतरी ठेवावं लागतं."

आग्नेलनं डोकं खाजवलं. "जत्रेक गेललंय मी. माइक कसो चलता ता बघूक देवळाच्या आवारात लावन ठेवलंय, नि मी गेलंय खाजा खाऊक. जा काय आवाज गावलो, तो तसोच कोठीत टाकलंय."

"कुठली जत्रा?"

कोठाऱ्याकडे तारीख होती. ती बघितली आणि शर्मिष्ठा खुर्चीत बसली. ती जत्रा आबांच्या ऑपरेशनच्या आदल्या वर्षीची होती.

"आग्नेल," ती हळूच म्हणाली, "त्या वर्षी गाऱ्हाणं कुणी घातलं होतं?"

आग्नेलनं कपाळावर हात मारला. "आबांनी," तो म्हणाला. "अरे देवा! मी खाजा खाय होतंय, तेव्हा गाऱ्हाणा चालू होता."

माइक नीट चालला होता का, आवाज आला होता का, की नुसता गर्दीचा कालवा होता, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. आतलं सगळं सील होतं, आणि किल्ली एकट्या कोठाऱ्याकडे. पण एक मात्र खरं. आबांचा खरा आवाज या जगात कुठे उरला असलाच, तर तो या एका जागेत होता.

तेवढ्यात कर्णिक मॅडम आल्या. पेढीच्या प्रमुख. बाई वाईट नव्हत्या, पण घाईत होत्या, आणि घाईला कारणही तसंच होतं. जुन्या डिस्क मोकळ्या झाल्याशिवाय नव्या माणसांना जागा मिळणार नव्हती. आवाज गेलेली कितीतरी माणसं पट्टीची वाट बघत घरोघरी मुक्यानं बसली होती.

"गाठ कापून टाका," सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या. "मालकच नाही तर होकार कुणाचा घेणार? देवाला सही करायला बोलावू?"

शर्मिष्ठा म्हणाली, "मॅडम, कापता येईल. पण गाठ कापली की आतला माल बेवारस होतो. मग डिस्क पुसताना तो जाईल. परत मिळायचा नाही."

"आत नेमकं काय आहे?"

"माहीत नाही. कदाचित माझ्या वडिलांचा आवाज."

कर्णिक मॅडमनी हातातली यादी पुढे केली. "शर्मिष्ठा, माझ्याकडे यादीत लहान मुलंसुद्धा आहेत गं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आयांना मी काय सांगू? कदाचितसाठी थांबा म्हणून?" मग त्यांनी सुस्कारा सोडला. "शनिवारी दुपारी बारापर्यंत थांबते. त्यानंतर गाठ मी कापणार."

शर्मिष्ठा त्याच संध्याकाळी आंबेरखोलला गेली. मनात हिशेब सोपा होता. आत आबांचा आवाज असेल, तर मालक आबाच ठरतात. त्यांनी होकार दिला की काम फत्ते. आत काय असू शकतं हे मात्र तिनं त्यांना सांगितलं नाही. आत नुसता कालवा निघाला, तर त्यांचा आवाज दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल, याची तिला भीती वाटत होती. तिनं फक्त एवढंच सांगितलं की रवळनाथाच्या नावावर पेढीत एक जागा अडकलीय आणि तिला आबांचा होकार हवाय. आबांनी नाक मुरडत खुंटीवरची पट्टी काढली, गळ्याला बांधली आणि तोंड हलवलं.

"होय, माझी संमती आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद," पट्टी म्हणाली.

मोबाइलवर कोठाऱ्याचं उत्तर आलं: जुळत नाही. हक्काचा आवाज एकाचा नाही. समूहाचा आहे.

शर्मिष्ठा त्या ओळीकडे बघत राहिली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. हक्क लावताना कोठारी आतला सगळ्यात भारी आवाज मालकाचा म्हणून धरतो. माइक होता गर्दीत. तिथे सगळ्यात भारी आवाज कुणाचा असणार? गावाचा! "व्हय म्हाराजा" म्हणणाऱ्या सगळ्या गावाचा. म्हणजे कुलूप उघडायला अख्खं आंबेरखोल पाहिजे, आणि तेही जत्रेसारखं बेंबीच्या देठापासून ओरडणारं.

तिनं हे सांगितल्यावर आबांनी मोबाइल ओढून घेतला आणि टाइप केलं: 'देवाचा आसा ता देवाक इचारल्याबिगर काढूचा नाय. शनवारी सकाळी गाऱ्हाणा घालूया. कौल घेवया. मगे काय ता कर.'

"गाऱ्हाणं तुम्ही घालाल?" तिनं आशेनं विचारलं.

आबांनी पट्टी सोडून परत खुंटीला लावली. 'बाळो घालतलो,' त्यांनी टाइप केलं आणि ते गोठ्याकडे निघून गेले.

शनिवारी सकाळी देवळात गाव लोटलं. देवाच्या नावावर सरकारात जागा निघालीय, अशी बातमी झाली होती. मग काय विचारता! जे जत्रेला मुंबईहून यायला कंटाळतात, तेसुद्धा आले होते. आग्नेल माइक धरून दीपमाळेपाशी उभा होता. शर्मिष्ठाच्या एका हातात मोबाइल होता आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत पट्टी. पट्टी तिनं खुंटीवरून का उचलली, तिची तिलाच ठाऊक.

बाळानं हात जोडले. "बा देवा रवळनाथा... म्हाराजा... आज ही जी लेकरा... जमली हत..."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले. म्हणाले, एवढंच. मागे कुणी विचारत होतं, काय म्हणालो तो? मोबाइलवर कोठाऱ्यानं लिहिलं: होकार अपुरा.

"तेंका... म्हंजे ता कोठीचा जा काय आसा..." बाळा अडखळला. घाम पुसला. बारा गावचा, बारा वहिवाटीचा उच्चार राहून गेला होता. सीमेवरच्या राखणदाराचं, देवचाराचं, नावच आलं नव्हतं. शर्मिष्ठानं मागे बघितलं. खांबाला टेकलेले आबा आता ताठ बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. बाळा जे जे गाळत होता, ते ते आबा ओठांतल्या ओठांत भरून काढत होते.

"...तर... काय ता बघून घी रे म्हाराजा," बाळानं एकदम गाशा गुंडाळला.

"व्हय म्हाराजा," लोकांनी जांभई दिल्यासारखं म्हटलं.

होकार अपुरा.

कर्णिक मॅडमचा फोन वाजला. शर्मिष्ठानं तो उचलला नाही. तिला रडू यायला लागलं होतं, आणि भर देवळात रडायचं नाही म्हणून तिनं ओठ दाबून धरले. तेवढ्यात तिच्या हातातली पिशवी कुणीतरी ओढली. आबा! रागानं त्यांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. देवासमोर असलं पुटपुटणं? त्यांनी पट्टी काढली, गळ्याला बांधली, बाळाला खांद्यानं बाजूला सारलं आणि देवासमोर उभे राहिले. हात जोडले. तोंड उघडलं.

"नमस्कार," पट्टी नम्रपणे म्हणाली. "माननीय श्री देव रवळनाथ महाराज, मी आंबेरखोलहून भिकाजी राऊळ बोलतोय."

देवळात चिडीचूप. मग मागून कुणाचं तरी फिसकन हसू बाहेर पडलं. आबांची मान लाल झाली. शर्मिष्ठाला वाटलं, आता हे पट्टी ओढून फेकणार आणि पुन्हा देवळाची पायरी चढणार नाहीत.

"व्हय म्हाराजा!" बाळा ओरडला. आपली सुटका झाली म्हणून तो इतका खूश होता की हात वर करून, सगळा जीव लावून ओरडला.

त्याचं बघून आणखी दहा जण ओरडले. आबांनी श्वास घेतला.

"बारा गावांचे आणि बारा वहिवाटींचे सर्व संबंधित देव यांना सविनय कळवण्यात येते की..."

"व्हय म्हाराजा!"

"आपल्या नावे श्री. आग्नेल फर्नांडिस यांनी एक जागा नोंदवली आहे..."

"व्हय म्हाराजा!" आता लोक हसत होते आणि ओरडत होते. आग्नेलनं माइक धरल्या हातानंच देवाला नमस्कार केला.

"सदर जागेपायी गरजू लोकांची गैरसोय होत आहे..."

"व्हय म्हाराजा!"

आबा आता रंगात आले. शब्द भले अर्जातले असतील, पण उभं राहणं त्यांचं होतं, हात उंचावणं त्यांचं होतं, कुठे थांबायचं आणि गावाला कधी उचलून घ्यायचं, ते सगळं त्यांचंच होतं. गावानं ते ओळखलं. बायका पदर सावरून पुढे आल्या. म्हातारे काठ्या आपटायला लागले.

"तरी आमच्या तक्रारीची त्वरित दखल घेऊन सीमेवरच्या देवचारासह सर्वांनी आम्हांला मोकळं करावं, ही नम्र विनंती!"

"व्हय म्हाराजाऽऽऽ!"

माडावरचे कावळे उडाले. मोबाइल थरथरला. होकार मिळाला.

शर्मिष्ठाचं बोट बटणावर जाणार, तोच आबांनी तिचं मनगट धरलं आणि गाभाऱ्याकडे हनुवटी उडवली. कौल! गुरवानं मूर्तीला फुलांच्या पाकळ्या चिकटवल्या होत्या. उजवीकडची पडली तर देवाचा होकार. ती आपली चिकटलेली. बाराला थोडाच वेळ उरला होता, कर्णिक मॅडमचा फोन पुन्हा वाजत होता, आणि पाकळी काही केल्या हलेना. शर्मिष्ठानं फोन उचलून कसंबसं म्हटलं, "मॅडम, पाकळी पडायची राहिलीय. दोन मिनिटं!"

"काय राहिलीय?" मॅडम ओरडल्या.

पाकळी पडली. उजवी. देवळात एकच गलका झाला, आणि आबांनी लेकीचं मनगट सोडलं.

गाठ सुटली. शर्मिष्ठा आणि आग्नेल ओरोसला धावले. रवळनाथाच्या नावावरचा माल नव्या कोठीत गेला, जागा मोकळी झाली, आणि पडद्यावर कोठाऱ्याची शेवटची ओळ उमटली: कोणाचाही हक्क उरलेला नाही. मग 'निरोप चालू आहे' हे शब्द पुसले गेले. आग्नेलनं चक्क हात जोडले. बाकीचं काम, कोठाऱ्यानं लावलेल्या सवयी काढणं आणि डिस्क धुणं, संध्याकाळच्या आत झालं.

शर्मिष्ठानं मात्र कानाला हेडफोन लावले होते. आधी नुसता कालवा. पिपाण्या, खाजेवाल्याची आरोळी, कुणाचं तरी हरवलेलं पोर. ती ऐकत राहिली. आणि मग त्या सगळ्या गोंगाटावरून, पिपाण्यांना आणि पोराला गप्प बसवत, आला तो आवाज. "बा देवा रवळनाथा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा!" लख्ख. पुरता. शेवटच्या शब्दापर्यंत. शर्मिष्ठा टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. कर्णिक मॅडम धावत आल्या, त्यांनी हेडफोन आपल्या कानाला लावला, आणि हिशेबी म्हणून नावाजलेल्या त्या बाई गाऱ्हाणं संपेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.

"शर्मिष्ठा," त्या नंतर म्हणाल्या, "मी हे कापणार होते गं."

नव्या नमुन्यावरून आवाज घडवायला थोडे दिवस लागले. आग्नेलला एकच काळजी होती. "अगो, नमुनो सगळो गाऱ्हाण्याचो. आबा साधा बोलूक गेले तरी गाऱ्हाणाच येतला."

"येऊ दे," शर्मिष्ठा म्हणाली.

ती आग्नेलला घेऊनच घरी गेली. ऐन सकाळची वेळ होती. आबा पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. तिनं त्यांच्या गळ्यात पट्टी बांधली, आवाज पार वर नेला आणि म्हणाली, "बोला काहीतरी."

'काय बोलू?' अशा अर्थी त्यांनी हात हलवला. आता ते वैतागून काहीतरी म्हणणार, इतकंच तिला कळलं. त्यांनी तोंड उघडलं.

"बा देवा म्हाराजा!"

आबा दचकले. सुपारी हातातून गळाली. स्वतःच्या गळ्याला हात लावून ते लेकीकडे बघत राहिले. मग ते हळूहळू उभे राहिले. बोलायचं काय होतं त्यांच्या मनात, कोण जाणे. पण त्या आवाजात दुसरं काही बोलताच येत नव्हतं, फक्त मागता येत होतं. म्हणून ते मागू लागले.

"ही जी काय माझी लेक, शमा..."

"व्हय म्हाराजा!" आग्नेल ओरडला.

"बापाच्या आवाजासाठी दारोदार फिरली, नि बापान तिचा काम खुंटयेक टांगल्यान..."

"व्हय म्हाराजा!" हा आवाज कुंपणापलीकडून आला. बाळा तिथे माडाला पाणी घालत होता. काय मागणं चाललंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती, पण आवाज ओळखीचा होता.

"तिच्या मनाक जा काय लागला असात, ता आज हय पुसून काढ रे म्हाराजा! तिका हसती ठेव! तिच्या हाताक यश दी!"

"व्हय म्हाराजा!" विहिरीवरून बायका म्हणाल्या. "व्हय म्हाराजा!" वरच्या वाडीतून कुणी म्हणालं. नदीपलीकडून सुद्धा एक बारीकशी साथ आली. कुणालाच ठाऊक नव्हतं कुणासाठी काय मागितलंय. भिकाजी राऊळ मागतोय, तेवढं पुरे होतं.

आबा थांबले. गाव गप्प झालं. ते लेकीकडे बघत होते, हात तसेच जोडलेले. सगळ्यांची साथ झाली होती, एकीचीच राहिली होती, आणि तिच्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होणार नव्हतं. आबांनी भुवया उडवल्या. म्हण की गो!

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली आणि बापाच्या गळ्यात पडली.